ज्यानं केली, त्यानं बसायचं

आमची गाडी मोडायची नाही, हेच आमच्या कंपनीचं मोठं दुखणं होतं.

हे वाचून तुम्ही चष्मा पुसायच्या आधी गाडीची ओळख करून देतो. सत्तरच्या दशकात साताऱ्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचा कारखाना होता. तिथं मालवाहू तीनचाकी टेंपो बनत. कागदोपत्री त्याचं नाव 'पवनवेग'. पवनाशी त्याचा संबंध एवढाच, की मागच्या नळीतून जे बाहेर पडे ते वाऱ्यानं शेजारच्या गावात जाई. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, 'रेडा'. रंग काळपट, आवाज घोरल्यासारखा, चढाला मान खाली घालून चालणार, आणि वर काहीही लादा, हूं नाही की चूं नाही.

मी त्या कंपनीचा सर्विस इन्स्पेक्टर. खांद्याला पान्यांची पिशवी, खिशात एसटीचा पास आणि वाईपासून सांगलीपर्यंतचा मुलूख माझ्या ताब्यात. गिऱ्हाईकाच्या गाडीला काही झालं की मी जायचं आणि दुरुस्त करायची, असं माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण गाडीला काही होतच नसे. मी जायचो, हौद्यावर थाप मारायचो, पुरणपोळी खायचो आणि परत यायचो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या पान्यांना गंज चढला आणि माझ्या पोटाला घेर.

दणकटपणा म्हणजे किती? पसरणीच्या घाटात एक रेडा वळण चुकून खाली गेला. माणूस असा गेला असता तर नातेवाइकांना तारा कराव्या लागल्या असत्या. रेडा तीन चाकांवर खालच्या ज्वारीत उतरला. ड्रायव्हरनं विडी पेटवली, गाडी बांधावरून काढली आणि वाईच्या बाजाराला वेळेवर पोचला. शेताचा मालक भांडायला आला तो ज्वारीसाठी. पण रेडा आपटला तिथं खड्डा पडला, खड्ड्याला पाणी लागलं, आणि तो गडी बागाईतदार झाला. विहीर अजून आहे. खोटं वाटत असेल तर पाणी पिऊन या.

त्याच वाईत घाटावरचे एक गुरुजी आमचे गिऱ्हाईक होते. लग्नामुंजींची भांडी, पाट, मांडवाचं सामान ते रेड्यातून पाठवत. गॅरंटी संपायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला निरोप धाडून बोलावलं. मी धापा टाकत गेलो.

"काय मोडलं, गुरुजी?"

"काहीच नाही. तीच तर तक्रार आहे. गॅरंटी दिलीत, ती अशीच फुकट घालवायची का आम्ही? काहीतरी बदला."

"पण सगळं चांगलंय."

"मग चांगलं काढा आणि चांगलंच बसवा. पण बदला."

शेवटी मी भोंग्याचा रबरी फुगा बदलला. गुरुजींनी दक्षिणा घेतल्याच्या समाधानानं तो दाबून पाहिला.

आता ही ताकद यायची कुठून, ते ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीला पाठीचा कणा असतो, त्याला चासी म्हणतात. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन त्यावर, हौदा त्यावर, माल त्यावर आणि मालावर बसलेले पाहुणेही त्यावर. आमचे मालक आबासाहेब पूर्वी उसाचे चरक ओतायचे. चरकात ऊस चिरडायचा असतो, चरकानं चिरडायचं नसतं, एवढं शास्त्र त्यांना पाठ. त्यांनी टेंपोची चासी चरकाच्या हिशेबानं केली. तिच्यावर साताऱ्याचा किल्ला ठेवला असता तरी तिनं 'अजून काही आहे का?' असं विचारलं असतं.

आणि मागणी? त्या काळात गाडी विकत घेत नसत, नंबर लावत. नंबर लावायचा आणि वाट बघायची. पोराचा नंबर बापानं लावलेला असे. विट्याकडच्या एका स्थळाच्या बोलणीत मी स्वतः ऐकलंय, "मुलगा मॅट्रिक नापास हाय, पण रेड्याला नंबर लागलाय." मुलीच्या बापानं लगेच सुपारी फोडली.

अशा सुखात आमच्याकडे विक्रीचे नवे साहेब आले, सबनीस. मुंबईहून आलेले, कडक इस्त्रीचे, गोड बोलणारे आणि हुशार. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजून बसाल. सबनीस साहेबांनी पहिल्या आठवड्यात आमच्या सुट्या भागांच्या दुकानात पाय ठेवला. तिथला कारकून झोपलेला आणि कोळी जागा होता. साहेबांनी दोघांना उठवलं आणि थेट आबासाहेबांच्या खोलीत बैठक बोलावली.

बैठकीला तिसरे होते केळकर साहेब, आमचे मुख्य इंजिनिअर. त्यांची खोड अशी, की त्यांना आजचं काही दिसतच नसे. "जेवलात का?" म्हणून विचारलं, तर दहा वर्षांनी लोक काय जेवतील ते सांगायचे. आणि गावोगावची खबर सांगायला मी. म्हणजे चहा संपेपर्यंत दाराशी उभा.

"आबासाहेब," सबनीस म्हणाले, "सरकार आपल्याला मोजून पोलाद देतं. चासी थोडी पातळ केली, तर तेवढ्याच पोलादात जास्त गाड्या निघतात. रांग हलते. दिवाळीला नफा असा दिसेल, की बँकेचे साहेब फराळाला तुमच्या घरी येतील."

"आणि पुढच्या वर्षी?" केळकर.

"पुढच्या वर्षी सुटे भाग विकू! गाडी मोडेल तेव्हा माणूस भाग घ्यायला येईल ना? आपली मोडतच नाही. असा कुठं धंदा असतो?"

"लोक आज रांगेत आहेत, कारण दुसरीकडे जायला वाट नाही," केळकर म्हणाले. "उद्या आणखी कारखाने निघतील, रांग संपेल. तेव्हा आपल्याकडे फक्त नाव असेल. आज मिळतंय त्यातून आपलं स्वतःचं इंजिन करायला घ्या. पाच वर्षं काही दिसणार नाही, पण..."

रांग संपेल म्हटल्यावर सबनीस हसले. मीही दाराशी हसलो. त्या काळात रांग संपेल म्हणणं म्हणजे कृष्णा उद्यापासून महाबळेश्वराकडे वाहील म्हणण्यासारखं होतं.

"केळकर," आबासाहेब म्हणाले, "मला चरकाच्या भाषेत सांगा."

केळकरांनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही बेणं चरकात घालताय."

पुढच्या लागणीसाठी राखून ठेवलेला ऊस म्हणजे बेणं. आबासाहेब खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर त्यांनी बांधायला काढलेली नवी शेड उभी होती, भिंती होत्या आणि छप्पर नव्हतं. बँक त्या छपरासाठी नफा बघायला मागत होती.

"बेण्याचा रस बी गोडच निगतो, केळकर," ते सावकाश म्हणाले. "हाच तर सगळा घोळ हाय." मग सबनिसांकडे वळले. "करून बघू एकदा."

नवी गाडी झाली. दिसायला देखणी, रंगानं निळी, अंगानं शिडशिडी. आमच्या फिटर लोकांनी तिला नाव दिलं 'रेडकू'. सबनीस साहेबांनी तिची चाचणी घेतली. हौद्याच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत जेवढं वजन लिहिलेलं, बरोबर तेवढ्या वाळूच्या पिशव्या भरून ती खंबाटकी चढवली. गाडीनं काही तक्रार केली नाही. करील कशाला? आमच्या मुलखात तेवढं वजन कोणी भरतच नव्हतं. तेवढे तर ड्रायव्हरचे मेव्हणेच असत. आमच्याकडे मापाचं एकच कोष्टक होतं, 'बसंल तेवढं', आणि बसलं की वरून आणखी एक. पण ते कोष्टक इंग्रजीत छापलेलं नसल्यामुळे सबनिसांच्या वाचनात आलं नव्हतं.

दसऱ्याला वाटायची म्हणून रेडकांची रांग कारखान्याच्या अंगणात उभी राहिली. पहिला नंबर होता तासगावकडच्या दस्तगीरभाईंचा.

दस्तगीरभाई म्हणजे हळदीच्या गिरणीचे मालक. हळद दळायची, पोती भरायची आणि बैलगाडीनं सांगलीच्या पेठेत पोचवायची. द्राक्षाच्या दिवसांत पेट्यांची वाहतूक वेगळी. रेड्याला नंबर लावा म्हणून त्यांच्या मागं मीच लागलो होतो. दसऱ्याच्या आधी त्यांच्याकडे गेलो, तर गोठा रिकामा.

"भाई, बैलं कुठायत?"

"इकली की!"

"कवा?"

"परवाच्या बाजारात. आवं बापू, तुमीच म्हनला व्हतासा न्हवं, दसऱ्याला रेडा दारात म्हणून? मग बैलं ठिवून काय त्यांची आरती करू? हंगाम तोंडावर आलाय. आता समदा भार तुमच्या जबानीवर." आणि माझ्या पाठीवर असा गुद्दा मारला की माझी जबान घशात गेली.

घरच्या जोडीपैकी पांढरा बैल त्यांनी वासरापासून वाढवलेला. तो दावणीचा रिकामा खुंटा बघून मला पुरणपोळी गेली नाही. एकच खाल्ली. बरं, दोन.

सबनीस साहेबांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, नव्या चासीबद्दल बाहेर एक शब्द नाही. मी शब्दाचा पक्का माणूस. एक शब्द बोललो नाही. फक्त सुचवलं.

"साहेब, पहिली गाडी कारखान्यात कशाला द्यायची? दस्तगीरभाईंच्या गावात जाऊन द्या. आबासाहेब येतील, तुम्ही याल, बँड लावू, फोटो काढू. सगळ्या तासगावात नाव होईल."

"वा बापू!" साहेबांनी माझा खांदा दाबला. "तुम्हाला विक्री कळते."

विक्री कळत नव्हती, पण त्या गावची रीत ठाऊक होती. गावात नवी बैलगाडी आली, की पहिली खेप भरून येरळा नदी ओलांडायची. आणि त्या खेपेला गाडीत मागं, मालावर, कोण बसणार? ज्यानं गाडी केली तो सुतार. बसला तर गाडी घ्यायची, का-कू केलं तर त्यानं ती परत न्यायची. असला इन्स्पेक्टर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

दसऱ्याला आम्ही पोचलो तेव्हा गाव नदीकाठी जमलेलं. पावसाळा सरला तरी येरळेला गुडघाभर पाणी होतं, खाली मऊ वाळू. रेडकाला झेंडूच्या माळा, नारळ फुटलेला. दस्तगीरभाई पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला जरीची टोपी. हौद्यात हळदीची पोती चढत होती. चढत होती, चढतच होती. सबनीस साहेब जवळ गेले.

"अहो भाई, किती भरताय! हे बघा, वजन इथं लिहिलंय."

दस्तगीरभाईंनी पांढरी अक्षरं कौतुकानं पाहिली. "झ्याक लिवलंय. पर साहेब, गाडीला वाचाय येतं व्हय?"

गाव हसलं. पोत्यांवर गिरणीचं जातं चढवलं, जात्यावर एक बोकड. मग गावचे तात्या सुतार काठी टेकत पुढं आले. पंचक्रोशीतल्या बैलगाड्या त्यांच्या हातच्या, आणि प्रत्येकीच्या पहिल्या खेपेला ते येरळेत जाऊन आलेले.

"रीत हाय आमची," तात्या म्हणाले. "गाडी ज्यानं केली, त्यानं मागं बसायचं. नदीपल्याड जाऊन यायचं. मग आमी म्हननार, गाडी आमची."

आबासाहेब खूश झाले. "वा! ही रीत आमच्या कारखान्यात पायजे व्हती." आणि धोतर सावरून ते निघालेच.

"तुमी मालक," तात्यांनी काठी आडवी धरली. "मी इचारतोय, केली कुनी?"

आबासाहेब मागं वळले. "खरंय. ही नवी गाडी आमच्या सबनीस साहेबांच्या डोक्यातली. या, साहेब. मान तुमचा."

सगळं गाव सबनिसांकडे वळलं. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. साहेबांनी पोती पाहिली, जातं पाहिलं. बोकडानं त्यांना पाहिलं.

"मला… जरा कंबरेचा त्रास आहे," ते म्हणाले.

"मऊ पोती हायती की," दस्तगीरभाई म्हणाले. "कंबर शेकून निगंल."

"तसं नाही… म्हणजे नदीत… एवढं वजन…"

मी आबासाहेबांकडे बघत होतो. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. पेटत्या चुलीवरचं दूध उतरवल्यावर खाली बसतं तसं बसत गेलं. "सबनीस," ते हळूच म्हणाले, "बसाल का न्हाई, तेवढंच सांगा."

सबनीस एक पाऊल मागं सरले. पण आणखी खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवा.

दस्तगीरभाई सगळ्यांची तोंडं बघत होते. त्यांना कळलं. बैलं विकलेल्या माणसाला असल्या गोष्टी लवकर कळतात. ते माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "बापू?"

मी नदीकडे बघायला लागलो. तेवढ्यात आबासाहेबांनी टोपी घट्ट केली, हौद्याला हात घातला आणि चढले. "कागदावर सही माझी हाय. केली मीच." मग वरून माझ्यावर नजर पडली. "आन तू रं? मघापासनं गालातल्या गालात हसतुयास. हे गावात यायाचं डोकं तुझंच न्हवं? चल, ये वर!"

मालकानं बोलावल्यावर चढावंच लागतं. पोत्यांवर बसलो. एका बाजूला मालक, एका बाजूला बोकड.

दस्तगीरभाईंनी दात आवळून गाडी पाण्यात घातली. काठ सुटला, वाळू लागली, मध्यावर आलो. आणि खालून आवाज आला, 'कर्रर्र'. म्हाताऱ्यानं वाकावं तसं रेडकू मधोमध वाकलं. हौद्याचं बूड पाण्यात बसलं आणि पुढचं चाक आभाळात गेलं. दस्तगीरभाई हँडल धरून वर, चंद्राकडे निघाल्यासारखे. जातं घसरलं, त्यानं खालची पोती फाडली, आणि हळदीचा असा ढग उठला की पल्याडच्या गावाला वाटलं ऊन वाढलं. बोकडानं पहिली उडी मारली. आमच्यात तोच एक अनुभवी होता.

ढग बसला तेव्हा मी आणि आबासाहेब गुडघाभर पाण्यात उभे. टोपीपासून मिशीपर्यंत, धोतरापासून नखापर्यंत पिवळे. येरळा खाली कुठवर पिवळी वाहिली ते मी सांगत नाही, तुम्ही म्हणाल बापू वाढवून सांगतो. फक्त एवढंच, की येरळा कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला धुणी धुणाऱ्या बाया घरी जाऊन विचारत होत्या, "आज कुनाचं लगीन हाय?"

काठावर कोणी हसेना. मालक भिजलेला, माल वाहून चाललेला. तेवढ्यात बँडमधल्या ताशेवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं हळदीच्या वेळी वाजवतात ती चाल धरली. मग गाव फुटलं. तात्या सुतार काठी टाकून हसले. आणि आबासाहेब? ते तसेच पाण्यात उभे राहून हसले, असे की डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या.

काठावर आल्यावर ते थेट दस्तगीरभाईंपुढं गेले. "भाई, ही माजी गाडी, माज्याकडं परत. वाहून गेलेली हळद बी माजीच. तुमाला रेडा देतो."

"कवा?" भाई म्हणाले. "रेडं तर तुमी करायचं बंद केलंसा."

"उद्या."

कारखान्याच्या फाटकाशी चौथऱ्यावर एक गाडी उभी असे. आम्ही केलेला सगळ्यात पहिला रेडा. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, त्याला कोणी विकत मागू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी तो चौथऱ्यावरून उतरवला आणि मला चालवत तासगावला न्यायला लावला. पुन्हा पोती चढली, पुन्हा जातं चढलं. बोकड मात्र येईना. मागं आबासाहेब बसले. रेडा येरळेत असा शिरला आणि असा निघाला, की पाण्याला कळलं नाही मधे काय गेलं. तात्यांनी चाकावर काठी आपटली. "गाडी आमची."

अंगणातली रेडकं मात्र सगळी कापली. त्यांतून जाड चासीच्या गाड्या करायला उन्हाळा उजाडला. रांगेतले लोक शिव्या देऊन गेले, बँकेचे साहेब फराळाला आले नाहीत, नव्या शेडवर छप्पर काही चढलं नाही. आणि आमचा दिवाळीचा बोनस येरळेतून वाहून गेला. घरी बायको म्हणाली, "साहेबाला गावची रीत दाखवायची हौस तुमाला, आन लाडू बिनतुपाचं आमाला." दूरदृष्टी म्हणजे काय, हे मला त्या लाडवांनी शिकवलं. दूरचं दिसतं, पण दाताखालचं फार टोचतं.

सबनीस साहेब जातील असं आम्हाला वाटलेलं. गेले नाहीत. कारखान्यात नवा नियम आला, नव्या गाडीच्या कागदावर जो सही करील त्यानं भरल्या गाडीत मागं बसून नदी पार करायची. पुढचं मॉडेल निघालं तेव्हा सबनीस आपणहून पोत्यावर चढले. डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, पण बसले. पल्याड पोचल्यावर डोळे उघडून म्हणाले, "बापू, चासी अजून थोडी जाड करता येईल का?"

केळकर साहेबांचं इंजिन? अर्धं झालं. रांग खरंच संपली, त्यांनी सांगितलं होतं तशीच. मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत गाड्या आल्या, नंबर न लावता मिळायला लागल्या. आमचं इंजिन तेव्हा टेबलावर सुटं पडलेलं. ज्या वर्षांत त्याला पैसा घालायचा, त्यांतली काही आम्ही रेडकं कापण्यात घालवली. केळकर एकदाच म्हणाले, "बेणं वाचलं, पण लागण उशिरा झाली." आबासाहेब गेले, पुढं कारखाना विकला गेला. आता तिथं मंगल कार्यालय आहे. बिनछपराच्या त्या शेडवर अखेर छप्पर चढलं, आणि जिथं आम्ही चासी ठोकायचो तिथं नवऱ्या मुलींना हळद लागते.

मागच्या वर्षी तिथं भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. फाटकाकडून ओळखीचं घोरणं ऐकू आलं. बाहेर येऊन बघतो, तर चौथऱ्यावरून उतरवलेला तोच पहिला रेडा. दस्तगीरभाईंच्या मुलाचा, रफीकचा, आता भाड्यानं भांडी पोचवायचा धंदा आहे. हौद्यात पातेली, घंगाळी, वर खुर्च्यांचा डोंगर. बसलं तेवढं, आणि वरून आणखी एक.

"बापूकाका!" रफीक ओरडला. "एसटी स्टँडावर जायाचं न्हवं? चला, सोडतो. पुढं बसा."

मी चौथऱ्याच्या जागेकडे बघितलं. आता तिथं कारंजं होतं.

"पुढं न्हाई रं," मी म्हणालो, आणि धोतर सावरून पातेल्यांवर चढलो. गाडी काही मी केलेली नव्हती. पण करणाऱ्यांपैकी आता मीच उरलो होतो.